परिवार म्हणे! आधी रिप्लाय तरी करू द्या

कॉलेजच्या ग्रुपचं नाव काय, तर "आपला परिवार". आणि परिवारात बोलायची परवानगी फक्त ॲडमिनला! कसला डोंबलाचा परिवार?

प्राचार्य प्रत्येक भाषणात सांगतात की डिजिटल माध्यमातून आम्ही विद्यार्थ्यांशी सतत जोडलेले आहोत. जोडलेले म्हणजे काय तर ते बोलणार आणि आम्ही निळ्या टिका देणार. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये ते फक्त ॲडमिनने मेसेज टाकायचं सेटिंग आणलं आणि यांना लॉटरीच लागली, मग २०२२ मध्ये ग्रुपची मर्यादा १०२४ झाली, कम्युनिटी फीचर आलं, सगळे वर्ग कोंबले त्यात, झाला समाज बांधून!

आणि त्यावर येतं काय? सकाळी सुविचार, खाली साहेबांचा हसरा फोटो. मग कुणाच्यातरी सत्काराचे फोटो एकेक करून, मग तेच फोटो परत पोस्टर बनवून. या सगळ्या ढिगाऱ्यात रात्री उशिरा परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख, ती पण वाकडी स्कॅन केलेली पीडीएफ, फाइलचं नाव "नवीन फायनल २", कोपऱ्यात कुणाचातरी अंगठा आणि बरोब्बर तारखेवर शिक्का. १३ आहे की १८ कळेना. ग्रुपवर विचारता येत नाही, मेल आलाय तो नो-रिप्लायवरून, ऑफिसला फोन केला तर "ग्रुपवर टाकलंय ना, बघा की". अहो तेच बघून फोन केलाय!

फीडबॅकचा गूगल फॉर्म तर कहर. वर लिहिलंय "मोकळेपणाने मत मांडा" आणि पहिलाच प्रश्न रोल नंबर, लाल स्टारसकट. कोण मांडणार मोकळेपणाने, इंटर्नलचे मार्क तुमच्याच हातात ना? बरं, पोल घेतात तो टीशर्टच्या रंगाचा. लायब्ररी लवकर बंद करायला लागले तेव्हा नाही कुणाला विचारावंसं वाटलं.

आमच्या एक मॅडम आहेत, त्यांचा साधा वर्गाचा ग्रुप आहे, कुणीही काहीही विचारा, "बघून सांगते" म्हणतात आणि खरंच सांगतात. ना लोगो, ना रील, ना सोशल मीडिया सेल. पोरं तिथे एकमेकांना नोट्स देतात, भांडतात, हरवलेला चार्जर शोधतात. परवा ऑफिसकडून फर्मान आलं की असे "अनधिकृत" ग्रुप बंद करा. आलं कुठे? परिवारावर. आता यावर बोलायचं तरी कुठे?