कीबोर्डवर कोण आहे, ते नीट सांगू द्या

परवा एका आयोजकांनी माझ्या निवेदनाच्या कागदावर लाल पेनाने सरळ आडवी रेघ मारली. "ताई, वादकांची फक्त नावं घ्या, टाळ्या, की पुढचं गाणं. लोक गाणी ऐकायला येतात." त्याच कागदावर प्रायोजकांच्या शाल-श्रीफळाला वीस मिनिटं होती. तिथे रेघ नव्हती.

माझ्या चारोळ्या खुशाल कापा. त्या मलाही फारशा आवडत नाहीत. पण वादकांबद्दलचा सगळा मजकूर उडवून त्यांनी वर स्वतःच्या हाताने एक वाक्य घातलं होतं, "कुठलंही संगीतशिक्षण न घेता केवळ आवडीपोटी वाजवणारे आपले कलाकार". हे वाक्य बडोद्यातल्या निम्म्या कार्यक्रमांत ऐकू येतं. कौतुक म्हणूनच म्हणतात, मान्य. पण ते खोटं आहे, आणि आज त्यावर जरा सविस्तर लिहायचं आहे.

मी ज्यांचं निवेदन करते तो बँड म्हणजे नोकरीधंदा सांभाळून गणपतीत, दिवाळी पहाटेला, कुणाच्या एकसष्टीला जुनी हिंदी-मराठी गाणी वाजवणारी पाच माणसं. स्वतःची एकही चाल नाही. नावं मुद्दाम लिहीत नाही, त्यांना फेसबुकवर यायची हौस नाही.

आमच्या ढोलकीवाल्यापासून सुरुवात करते, कारण 'शिक्षण नाही' हा शिक्का सगळ्यात जास्त त्याच्यावर बसतो. घर दांडिया बाजारातलं, आजोबा भजनी मंडळात मृदंगाला. एकादशीला नातवाकडे काम एकच, मृदंगाच्या डाव्या पुडीसाठी कणीक मळून आणायची. सैल झाली तर वाजवताना ओघळते, घट्ट झाली तर धूम घुमत नाही. आजोबा एक थाप मारायचे, ऐकायचे, नखाने चिमूटभर कणीक काढून टाकायचे, परत थाप. पोराला वाजवायला मिळालं त्याच्या कितीतरी आधी नाद कुठे बसतो ते कळलं होतं. मग टाळ. मग हरिपाठाला मृदंग. भजनात पुढचा बुवा कोणता अभंग कुठल्या चालीत उचलणार, हे कुणी आधी सांगत नाही. पहिली ओळ पुरी व्हायच्या आत ठेका सापडायला हवा. नाही सापडला तर म्हातारे टाळकरी नुसते बघतात, आणि ते बघणं पुरतं.

एका तालमीत गायिका त्याला म्हणाली, "दोन आवर्तनं मोकळी सोड, मी पाचव्या मात्रेवर उचलते." हा गप्प. मग हळूच, "ताई, गाऊन दाखवा ना. कुठल्या शब्दावर?" तिने ओळ गाऊन दाखवली. त्याने मान हलवली, आणि त्यानंतर कुठल्याही कार्यक्रमात ती जागा चुकलेली मी ऐकलेली नाही.

मध्यंतरी त्याला बदली म्हणून तबल्यात विशारद झालेला एक मुलगा आला होता. हात स्वच्छ, बोल स्पष्ट, लय जराही हलत नाही. गायिकेने ऐनवेळी एक ओळ परत घेतली, आणि हा ठरल्याप्रमाणे तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपणारा तुकडा, घेऊन मोकळा झाला! ती गातेच आहे. विशारदला मी नावं ठेवत नाही. पोराला सोबतीची सवय नव्हती, इतकंच. पण आपल्या घरांमधून मुलांना प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा करत परीक्षेला बसवायची जी घाई चालते, त्यात भजनाला नेऊन बसवणं कुणाच्या यादीतच नसतं. "तिथे काय शिकणार?" असं एका आईने मला विचारलं होतं. माझं उत्तर, अनोळखी माणसाचं गाणं सांभाळायला शिकेल. ते कुठल्या परीक्षेत विचारतात?

आता दुसरी बाजू, नाहीतर गायिका मला फोन करेल. ती आपल्या बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या परफॉर्मिंग आर्ट्समधून ख्याल शिकलेली. सूरसागर तलावाच्या काठच्या त्या शाळेचा इतिहास इथल्या मराठी मुलांनाही सांगावा लागतो, याचं मला नवल वाटतं. सयाजीरावांनी 1886 साली गायक मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा दिली. राजदरबारातलं गाणं सामान्य घरातल्या मुलांना वर्गात बसून शिकता यावं म्हणून. मौलाबक्षांनी त्यासाठी स्वतःची स्वरलिपी बसवली, त्यांचा मुलगा लंडनला जाऊन पाश्चात्य संगीत शिकून आला. नातू इनायत खाँ पुढे सूफी संगीत घेऊन पश्चिमेकडे गेले. 1916 मध्ये संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली ती आपल्या बडोद्यातच. फैयाझ खाँसाहेब इथे दरबारगायक होते, 1950 मध्ये इथेच गेले. आणि फ्रेडिलिस नावाचे संस्थानचे युरोपियन बँडमास्तर त्याच काळात हिंदुस्थानी संगीतशाळेचेही प्रमुख होते. म्हणजे या गावात बिगुल, तंबोरा आणि कागदावरचं नोटेशन एका छपराखाली नांदलेलं आहे. त्याच गावातला आयोजक मला सांगतो, सॅक्सोफोनवाल्याचं काही बोलू नका, तो लग्नाच्या बँडमधला आहे.

होय, चाचा लग्नाच्या बँडमधलेच. वडील क्लॅरिनेट वाजवायचे. वैशाखातल्या उन्हात वरघोड्याबरोबर चालत, मागून ढकलाढकली, पुढे घोडा, नाचणारे मामेभाऊ अंगावर येतायत, अशात फुंक तुटू न देता मुखडा वाजवायचा. चाचांच्या दमसासाचं लोकांना आश्चर्य वाटतं. मला वाटत नाही.

त्यांच्यामुळे तालमीत एक मजा होते. गायिका म्हणते, "काळी चार." म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी तिचा सा. चाचांचा आल्टो सॅक्स, त्यामुळे तिच्या काळी चारला त्यांच्या बोटांखाली पांढरी चार येते. ते मनात हिशेब करत बसत नाहीत, थेट बोटं ठेवतात. कीबोर्डवाला ट्रान्सपोझचं बटण दाबतो, गिटारवाला कॅपो सरकवतो. ढोलकीवाला हातोडी घेऊन पुडी चढवायला बसतो आणि म्हणतो, "तुम्ही आधी ठरवा, मी मग येतो." एका सुरावर पोचायचे चार रस्ते, आणि मिनिटभरात सगळे तिथे हजर असतात. मला हे बघायला गाण्याइतकंच आवडतं.

गिटारवाला फतेगंजचा, चर्चच्या क्वायरमध्ये वाढलेला. चार आवाज वेगवेगळ्या ओळी गात असताना आपली ओळ न सोडणं हे त्याला दूध प्यायच्या वयापासून येतं. गाण्यात मागे दुसरा आवाज हवा असला की सगळे त्याच्याकडे बघतात.

आणि कीबोर्डवाला गरब्याचा. आमचे मराठी रसिक इथे नाक मुरडतात, म्हणून जरा थांबते. गरब्याच्या मैदानात मधोमध मंच असतो आणि भोवती हजारो माणसं गोल फिरत असतात. मंचावर गडबड झाली की पावलं चुकतात, ती कळतात. एक गरबा संपून दुसरा सुरू होताना मध्ये टाळ्यांना जागा नसते. सहा मात्रांच्या हींचमधून कहरव्यात जायचं, गायकाला नवा सूर द्यायचा, आणि फिरणाऱ्या बाईच्या पायाला खड्डा लागता कामा नये. हे नऊ रात्री, तासन्‌तास. असा माणूस आमच्याकडे दोन गाण्यांमधला माझा निवेदनाचा अर्धा मिनिट सुरांनी भरतो, आणि मी वाक्य कुठे संपवणार हे माझ्या आधी त्याला कळलेलं असतं. त्याला 'शिक्षण न घेतलेला' म्हणायचं?

कुणी म्हणेल, ही सगळी जोडाजोड आहे, पाच ठिकाणची पाच माणसं. अहो, ज्या गाण्यांसाठी तुम्ही तिकीट काढता ती गाणी तरी कुणी केली? जयकिशन आपल्या गुजरातेतल्या वांसद्याचे, हार्मोनियम वाजवणारे. शंकर तबल्याचे. त्यांचं वाद्यसंयोजन करायचे सेबॅस्टियन डिसोझा. प्यारेलाल व्हायोलिन शिकले अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे, आणि प्यारेलालांचे वडील ट्रम्पेटवादक. दत्तारामांचा ढोलकचा ठेका तर त्यांच्या नावानेच ओळखला जातो. स्टुडिओत व्हायोलिनच्या रांगेत बसलेले कितीतरी गोवेकर चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकलेले. ती गाणीच अशा पाच ठिकाणच्या माणसांनी बसवलेली आहेत. ती वाजवायला पाच ठिकाणची माणसं लागली तर त्यात कमीपणा कसला? एकाच क्लासातून निघालेली पाच मुलं तीच गाणी वाजवतात तेव्हा सूर बरोबर असतात, पण ढोलक आणि व्हायोलिन एकमेकांना ओळखत नाहीत असं काहीतरी होतं. (हे माझं मत. क्लासवाल्यांनी रागावू नये.)

कराओकेबद्दल आज लिहीत नाही, तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे आणि माझ्या दोन आत्या त्या ग्रुपमध्ये आहेत.

तर आयोजकांना विनंती आहे. प्रत्येक वादकामागे मला दोन वाक्यं द्या. कुणाच्या घरी, कुणाच्या शेजारी बसून, कशावर हात बसला, एवढंच सांगेन. पाच जणांचे मिळून चार मिनिटंसुद्धा होत नाहीत. बॅनरवर गायिकेच्या फोटोखाली 'आणि साथीदार' असं न छापता पाच नावं छापा, फ्लेक्सचा खर्च तेवढाच येतो. मानधनाचं पाकीट सगळ्यांना एकाच वेळी द्या. वादकांना "वायर गुंडाळून झाली की भेटा" असं सांगू नका.

आणि कोजागरीसाठी मला आत्तापासून फोन करणाऱ्या मंडळांनो, त्याच रात्री शरदपूनमचा गरबा असतो. आमचा कीबोर्डवाला तुम्हाला मिळणार नाही. चाचा आहेत, ढोलकी आहे, गिटार आहे, गायिका आहे. तेवढ्यात बसतील अशी गाणी आम्ही निवडतोय. दूध मात्र वेळेवर उकळायला ठेवा, मागच्या वेळी भैरवी संपली तरी पातेलं गॅसवर चढलं नव्हतं.