गळका रॅक उघडला, पण परत बसवला नाही

नमस्कार. रॅक म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा दातेरी दांडा आणि त्याचं घर; पंपाच्या दाबाचं तेल त्याला मदत करतं. माझ्या गाडीचा गळका रॅक मी उघडून बघितला, त्या लेखावर 'स्टेअरिंगशी खेळ म्हणजे जिवाशी खेळ. गळका रॅक बदलायचा असतो, फोडून बघायचा नसतो. स्टेअरिंग जड होतं ते पंपामुळे. आणि पॅडच्या नटाचा तुमचा सल्ला तर घातकच आहे,' असं तुम्ही लिहिलंत. शेवटून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे.

चाकं सरळ ठेवा आणि खेळ, म्हणजे स्टेअरिंगमधला ढिलेपणा, जाईपर्यंत नट आवळा, असं मी लिहिलं होतं. हा नट ज्या पॅडचा, तो पॅड रॅकला पिनियनवर, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाच्या दातेरी चाकावर, दाबून धरतो. गाडी बहुतेक वेळ सरळच धावते, त्यामुळे रॅकचे दाते मधोमध झिजतात आणि टोकांना जवळपास कोरे राहतात. मधला खेळ घालवायला नट आवळला की टोकांकडे रॅक अडकतो, आणि वळण संपल्यावर स्टेअरिंग आपणहून सरळ येत नाही. रॅक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून जिथे सगळ्यात जड लागेल तिथे नट लावायला हवा. एवढं करूनही मधे खेळ उरला, तर रॅक झिजलाय. नट पिळून तो नवा होत नाही.

पंपाचं मात्र पटलं नाही. पंप कमजोर असेल तर स्टेअरिंग दोन्हीकडे जड लागतं. माझं फक्त डावीकडे जड व्हायचं, तेही सकाळची पहिली काही मिनिटं. तेल तापलं की हलकं. पिनियनचा व्हॉल्व्ह (तेल डावीकडे की उजवीकडे सोडायचं ते हा ठरवतो) बाहेर काढला तेव्हा कारण दिसलं, म्हणजे खरं तर नखाला लागलं. व्हॉल्व्हवरच्या चार टेफ्लॉन रिंगांनी ॲल्युमिनियमच्या घरात चर पाडले होते. या रिंगा दाबाच्या, परतीच्या आणि डाव्या-उजव्या तेलाच्या वाटा वेगळ्या ठेवतात. थंड असताना कडक झालेली रिंग तो चर भरून काढत नाही आणि दाबाचं तेल परतीच्या वाटेला निसटतं. तापल्यावर रिंग सैलावते, फुगते आणि काम भागतं. अशा घरात नवे सील घालणं म्हणजे फुटक्या माठाला नवं झाकण.

म्हणूनच तो रॅक मी परत गाडीत घातला नाही. नवा घातला. लेखात हे अगदी शेवटी आलं, वर यायला हवं होतं. 'उघडून बघा' म्हणजे 'उघडून परत बसवा' असं तुम्हाला वाटलं, त्यात तुमचा दोष नाही.

मग उघडला कशाला? जुना रॅक कशाने मेला ते नव्याला जोडण्याआधी कळावं म्हणून. पाईपच्या तोंडाशी रबराचे काळे कण सापडले. होजचा, म्हणजे तेलाच्या रबरी नळीचा, आतला थर सुटत होता. होज न बदलता, तेल न धुता नवा रॅक जोडला असता, तर ते कण थेट नव्या व्हॉल्व्हमध्ये गेले असते. उजवा बूट, म्हणजे रॅकच्या टोकावरचं रबरी आवरण, फाटलेला होता आणि त्या बाजूला रॅकच्या दांड्यावर गंजाचे बारीक खड्डे होते. स्टेअरिंग पूर्ण वळवून धरलं की आत 70 ते 100 बारपर्यंत दाब चढतो; अशा दांड्यावर घासणाऱ्या सीलची ओठासारखी कड किती टिकणार? दोन्ही बूट तेलकट होते, पण गळका सील एकच. बुटांना जोडणाऱ्या हवेच्या नळीतून तेल पलीकडे गेलं होतं.

जिवाच्या खेळाबद्दल. तेल पूर्ण गेलं तरी पिनियन आणि रॅक दात्यांनी जोडलेलेच असतात. स्टेअरिंग फार जड होतं, पण चाकं वळतात. मला भीती दुसऱ्या दोन गोष्टींची वाटते. रॅक एंड म्हणजे रॅक आणि चाकाकडे जाणारा दांडा जोडणारा सांधा; त्याला सुटू न देणारी लॉक वॉशर एकदा उघडली की नवीच लागते, जुनी परत ठोकली तर रॅक एंड सुटू शकतो. आणि कॉलम, म्हणजे स्टेअरिंगचा दांडा, रॅकपासून सोडवल्यावर स्टेअरिंग बांधून ठेवलं नाही, ते गरागरा फिरलं, तर एअरबॅगला वीज पोचवणारी गुंडाळलेली पट्टी तुटते. ही दोन वाक्यं मूळ लेखात नव्हती. आज घातली. नटाचं जुनं वाक्य पुसलं नाही, त्यावर फक्त रेघ मारली आहे, म्हणजे ज्यांनी ते वाचून नट आवळला असेल त्यांना तो सैल करायचं सुचेल.