युनियन लिहूनही क्वेरी थांबेना

रामराम दादा,

पोस्टग्रेस या डेटाबेसमधल्या रिकर्सिव्ह क्वेरीबद्दल (म्हणजे दर फेरीला आधीच्या फेरीत सापडलेल्या ओळींवरून पुढच्या ओळी शोधणाऱ्या आज्ञेबद्दल) तुमची तक्रार थोडक्यात अशी: 'युनियन ऑलच्या जागी नुसतं युनियन लिहा, गोल फिरणं थांबेल, असं तुम्ही लेखात ठोकून दिलंत. मी तसं केलं. भावकीच्या वंशावळीची क्वेरी रात्रभर पळाली, सकाळी डिस्क भरलेली. वर डेटा चुकीचा असेल म्हणून हात झटकलेत. आमच्या नोंदी कागदावरून जशाच्या तशा उतरवल्यात.'

युनियनबाबत चूक माझीच. युनियन ऑल सगळ्या ओळी ठेवतं, नुसतं युनियन पुन्हा आलेली ओळ गाळतं, पण ओळ म्हणजे सगळे कॉलम मिळून. तुमच्या क्वेरीत 'पिढी' हा कॉलम दर फेरीला एकने वाढतो. मग तोच माणूस तिसऱ्या पिढीत येवो की तीन हजाराव्या, युनियनला ती ओळ नवीच. पिढी काढली तर क्वेरी थांबेल, पण पिढीच नसेल तर ती कसली वंशावळ!

आता डेटा. कागद बरोबर आहे, हे मान्य. पण तुम्ही बाप-लेकाची जोडी नावावरून लावली आहे, आणि आपल्या परभणी-जिंतूरकडंच काय, बऱ्याच ठिकाणी नातवाला आजोबाचं नाव ठेवतात. किसनचा बाप विठोबा. किसनला मुलगा झाला, त्याचंही नाव विठोबा. क्वेरीच्या लेखी दोन्ही विठोबा एकच, म्हणजे आजोबाच स्वतःचा नातू! मग ती विठोबाकडून किसनकडं आणि किसनकडून परत विठोबाकडं, अशी घाण्याच्या बैलासारखी फिरते. प्रत्येक माणसाला स्वतंत्र क्रमांक द्या आणि बापाच्या रकान्यात नावाऐवजी तो क्रमांक लिहा. काम किचकट आहे, दोन-तीन दिवस जातील.

गाठ नेमकी कुठं आहे ते शोधायला आधी 'पिढी २० पेक्षा कमी' अशी अट टाका आणि आलेली वाट (क्वेरी कोणाकडून कोणाकडं गेली ती नावं) एका कॉलममध्ये जमवत जा. विठोबा, किसन, विठोबा असं लगेच डोळ्यांना दिसेल. पोस्टग्रेस १४ (२०२१) किंवा पुढची आवृत्ती असेल तर सायकल हे कलम हेच काम करतं: क्रमांक पुन्हा आला की ओळीवर खूण करतं आणि तिथून पुढं जात नाही. जुन्या आवृत्तीत वाट यादीत, म्हणजे अ‍ॅरेमध्ये ठेवून पुढचा क्रमांक त्यात आहे का, ते तपासा. वाट मजकूर म्हणून जोडत असाल तर क्रमांकांच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम द्या, नाहीतर १४ मध्ये ४ सापडतो आणि भलताच माणूस गळतो. (यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे.)

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवर क्वेरी चालवणारा तुमचा मित्र 'आमच्याकडं असं होत नाही' म्हणतो, त्याचं कारण साधं आहे. तिथं १००० फेऱ्यांची मर्यादा आधीपासूनच असते, एसक्यूएल सर्व्हर या आणखी एका डेटाबेसमध्ये १००. पोस्टग्रेसमध्ये अशी मर्यादा नाही, म्हणून निदान स्टेटमेंट टाइमआउट (ठरावीक वेळानंतर क्वेरी तोडणारी सेटिंग) तरी लावून झोपा. पण मर्यादेवर क्वेरी तुटली तर वंशावळ हाती येत नाही, फक्त डिस्क वाचते.

मूळ लेखातलं ते वाक्य दुरुस्त केलंय. क्रमांक लावून झाले की क्वेरी पुन्हा चालवा, आणि तरीही फिरलीच तर वाटेच्या पहिल्या दहा ओळी इथं टाका.