‘हो’ उशिरा पोचला

परवा मी 3000 रुपयांची पेटी 2000 ला विकली, आणि विकली हे मला सौदा झाल्यावर कळलं.

देवगडातल्या आमच्या आंब्याच्या ऑफिसात (ऑफिस म्हणजे पडवी) भाच्याच्या नादाने इंटरनेटवरचा फोन बसवून जेमतेम आठवडा झाला होता. ‘‘मामा, बिल कमी येतं. पुण्यात बसूनही हाच नंबर उचलता येईल.’’ मला पुण्यात बसायचं नव्हतं, पुण्याचं गिऱ्हाईक हवं होतं. ते आलं.

‘‘पाच डझनाची पेटी कशी?’’

‘‘तीन हजार.’’

शांतता. मग, ‘‘हॅलो, ऐकू येतंय का?’’

‘‘हो, हो!’’

हे दोन ‘हो’ इथून निघाले आणि घाटात कुठेतरी वडापाव खायला थांबले. बाईंनी वाट पाहिली, कंटाळल्या आणि विचारलं, ‘‘दोन हजारला देताय ना?’’ नेमके तेव्हाच माझे दोन्ही ‘हो’ तिकडे उतरले. ‘‘वा! ठरलं मग!’’ फोन बंद. आवाजाला वाट सापडत नव्हती, पण पैसे मात्र डोळ्याचं पातं लवायच्या आत खात्यात हजर.

समोर बाकावर आबा. वय ऐंशीच्या पुढे. पेपर आमचा, चहा आमचा, मतं तेवढी त्यांची स्वतःची. एका कानाने ऐकू येत नाही, दुसऱ्याने उशिरा येतं.

‘‘काय झाला रे झिला?’’

सांगितलं. आबांनी पेपराची घडी घातली, चष्मा काढून धोतराला पुसला.

‘‘माझा लगीन असाच ठरला.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘बघूक गेल्लंव. सासऱ्यान इचारल्यान, चाय घेतंस? माझ्या कानात ता पोचासर तेनी इचारल्यान, पोरगी पसंत? मी चायच्यासाठी म्हटलंय, होय.’’

‘‘मग?’’

‘‘पन्नास वर्सां झाली. ती चाय अजून येवची हा.’’

मी हसलो नाही. हजार रुपये माझे गेले होते.

भाचा सांगतो, या फोनात आवाजाचे 20-20 मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवतात, आणि फार उशिरा पोचलेला तुकडा फेकून देतात. पेटीत एक आंबा डागी निघाला तर गिऱ्हाईक चार बाजूंनी फोटो काढून पाठवतं. इथे माणसाचे शब्द फेकले तरी कुणी विचारत नाही! एका बाजूने 150 मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर खपून जातो म्हणे. आणि हे ज्ञान देणारा त्या वेळी आतल्या खोलीत, त्याच लाइनीवरून, बागेचे व्हिडिओ अपलोड करत होता.

जुन्या काळ्या फोनला तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजच 48 व्होल्ट पुरवायचं. लाइट गेली, कंदील पेटला, तरी रिसीव्हर कानाला लावला की घूंऽऽ आवाज हमखास. आता राउटरला वीज, फोनला वीज, फायबरच्या त्या डबीलाही वीज. म्हणून इन्व्हर्टर घेतला. तर नाक्यावरच्या कंपनीच्या पेटीतली बॅटरी उतरली की आमचा इन्व्हर्टर असून नसून सारखाच. तौक्ते वादळात, मे 2021 मध्ये, खांबच आडवे झाले तेव्हा तांब्याची तारही गेली होती, कबूल. पण ते वादळ होतं. काल नुसतं आभाळ आलं होतं.

काल पुन्हा फोन मेला. तक्रार करायला मोबाइल घेऊन विहिरीच्या कठड्यावर चढलो, कारण रेंज तिथेच. वीस मिनिटं सनई ऐकवून पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, ‘‘सर, तक्रार नोंदणी केलेल्या नंबरवरूनच करावी लागेल.’’

‘‘अहो, तोच तर बंद आहे!’’

‘‘हो सर. तो सुरू झाला की त्यावरून करा.’’

एवढ्यात पडवीतून घंटी ऐकू आली. लाइन आली होती! मी कठड्यावरून उडी मारली, एक चप्पल तिथेच राहिली, धावत आलो. आबा रिसीव्हर जागेवर ठेवत होते.

‘‘कोण होतं?’’

‘‘कोणाक ठावक! कायएक ऐकूक इला नाय.’’

‘‘मग तुम्ही काय बोललात?’’

‘‘काय बोलतलंय? होय, होय म्हटलंय.’’ आबांनी पेपर उघडला. ‘‘शेवटाक हसली पण बाई.’’