ब्रेकची खिट्टी काढायला सांगणारा तो मेसेज

"मिनी ट्रॅक्टर घेताय? डीलर या ५ गोष्टी कधीच सांगणार नाही" असा एक मेसेज द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. मी दोनदा वाचून सोडून दिला होता, रिकामटेकड्यांच्या नादी कोण लागणार. पण मागच्या आठवड्यात पलूसला ताईकडे गेलो तर दाजींनी नव्या ट्रॅक्टरची ब्रेकची खिट्टी काढून शेडमधल्या नटबोल्टच्या डब्यात टाकलेली. का तर मेसेजमधे लिहिलंय. मग लिहायला बसलो.

तर तो मुद्दा आधी. "दोन ब्रेक जोडणारी खिट्टी कायमची काढा, बागेत गाडी जागेवर वळते." वळते, खरं आहे. उजव्या बाजूला दोन पेडलं असतात, डावं डाव्या चाकाचं, उजवं उजव्या चाकाचं, ओळीच्या टोकाला एकच दाबलं की ते चाक थांबतं आणि ट्रॅक्टर त्याच्याभोवती फिरतो. नऊ फुटी ओळीत याच्याशिवाय भागत नाही, मान्य. पण हे पहिल्या-दुसऱ्या गिअरमधे, बागेत! रस्त्याला लागलात, मागं ट्रॉलीत माल, वीसच्या स्पीडला समोर कुत्रं आलं आणि घाईत पाय एकाच पेडलवर पडला, तर एक चाक धरणार, दुसरं पळणार, मागून ट्रॉली ढकलणार, गाडी फर्रकन आडवी. मिनी ट्रॅक्टरची दोन चाकांतली रुंदी आधीच कमी, तो उलटायला किती वेळ लागतोय? आमच्याच भावकीतला एक पोरगा असाच चरीत गेलाय, हातावर निभावलं. कुठल्याही कंपनीचं ट्रॅक्टरबरोबर आलेलं पुस्तक उघडा, रस्त्यावर दोन्ही पेडलं जोडूनच चालवा हे त्यात लिहिलेलं असतं. ते पुस्तक आपण प्लास्टिकच्या पिशवीतनं कधी काढतच नाही हा भाग वेगळा. बांध ओलांडून रस्त्याला लागताना खिट्टी लावायची, बागेत शिरताना काढायची, एवढंच काम आहे. दाजींना विचारलं, "काढून डब्यात टाकायचीच होती तर कंपनीनं दिली कशाला?" तर म्हणे वाहतुकीसाठी असंल. बरोबर आहे दाजी, वाहतुकीसाठीच आहे!

दुसरा मुद्दा, "क्लचवर पाय ठेवूनच चालवा, कंट्रोल राहतो." कंट्रोल कसला, प्लेट जळते. आणि क्लचप्लेट बदलायची म्हणजे ट्रॅक्टर मधून खोलावा लागतो, इंजिन एकीकडं गिअरबॉक्स एकीकडं. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणीच्या (द्राक्षावरच्या बुरशी रोगाच्या) टायमाला गाडी दोन दिवस गॅरेजला उभी राहिली तर काय होतं ते द्राक्षवाल्याला सांगायला नको. शिवाय बऱ्याच मिनीत सिंगल क्लच असतो, म्हणजे तुम्ही गाडी हळू करायला अर्धा क्लच दाबला की पीटीओ (मागची अवजारं फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा) पण मंदावतो, ब्लोअरची, म्हणजे पंख्यावाल्या फवारणी यंत्राची, हवा पडते आणि फवारा पानाच्या मागं पोचतच नाही. ब्लोअरला पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर फिरायला पाहिजे. हळू जायचं असेल तर गिअर खालचा टाका, क्लच कशाला छळता. बजेट असेल तर डबल क्लच बघा, त्यात पेडल अर्धं दाबलं की गाडी थांबते पण ब्लोअर चालू राहतो.

तिसरा, "पेडल कडक तेवढा ट्रॅक्टर दणकट, हलकं पेडल म्हणजे डबडं." हे कुणाच्या डोक्यातनं आलं देव जाणे. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे, तिथं ब्रेकच्या पेडलवर किती जोर लावल्यावर गाडी किती लवकर थांबते हे मोजतात. ठरलेल्या प्रमाणात वेग कमी करायला ६०० न्यूटनच्या वर, म्हणजे साधारण ६० किलोच्या वर जोर लागता कामा नये अशी मर्यादा आहे. सीटवरचा आवाज, कंपनं हे पण रिपोर्टमधे असतं. डीलरकडं तुमच्या मॉडेलचा बुदनीचा रिपोर्ट मागा. म्हणजे पेडल मर्यादेबाहेर कडक असणं हा तपासणीत दोष धरतात, आणि आपण त्याला ताकद म्हणतोय.

चौथा, उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवा. यावर काय लिहू. इंजिनचा धरून ठेवणारा जोर गेला की मागचा सगळा भार ब्रेकवर येतो. बास.

पाचवा, "क्लच नसलेला हायड्रोस्टॅटिक जपानी ट्रॅक्टर सेकंडहँड घ्या, पाय दुखत नाही." हायड्रोस्टॅटिक म्हणजे तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारा. अर्धं खरं आहे, कबूल करतो. त्यात पेडल पुढं दाबलं की पुढं, मागं दाबलं की मागं, पायाला खरंच आराम. अमेरिकेत गवत कापायला, लोडर चालवायला लोक तोच घेतात कारण सारखं पुढंमागं करायचं असतं. आपल्याला एका ओळीत एकाच स्पीडनं जायचंय. त्यात इंजिनची थोडी ताकद हायड्रॉलिकच्या तेलातच जाते, किंमत जास्त, आणि जुन्या जपानी गाडीचा पार्ट अडला तर गावात कुणाकडं मागणार?

मेसेजच्या शेवटी एक ओळ आहे, "घेण्याआधी बसून बघा." ही मात्र कामाची. फक्त शोरूमच्या फरशीवर दोन मिनिटं बसून कळत नाही. बागेत घालता तीच चप्पल नाहीतर गमबूट घालून जा, सीट पुढंमागं करून क्लच पंचवीस-तीस वेळा पूर्ण दाबा, गुडघा स्टिअरिंगला लागतोय का बघा, गिअरचा दांडा मांड्यांच्या मधे येतोय का बाजूला आहे ते बघा. आणि मांडवाखाली वाकून बसता तसं वाकून ब्रेक दाबून बघा, तिथंच खरं कळतं.