‘पतीच्या निधनानंतर धुरा सांभाळली’

अमेरिकेतल्या वसाहतकाळातल्या छापखानेवाल्या बायकांबद्दल सध्या वाचतेय आणि वरच्या वाक्याने डोकं उठवलंय. जिथे बघावं तिथे हेच. अहो, नवरा डिसेंबरात गेला म्हणून जानेवारीत कुणाला छापखाना चालवता येत नाही! शिशाचे उलट्या अक्षरांचे खिळे एकेक करून जुळवायचे, ओळ आवळायची, छापून झालं की सगळे सोडवून पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. छापखाना बहुतेक घरातच. या बायकांचे हात आधीपासूनच शाईचे असणार, पाटी तेवढी नवऱ्याची.

चार्ल्स्टनची एलिझाबेथ टिमथी घ्या. नवरा १७३८च्या डिसेंबरात वारला आणि ४ जानेवारी १७३९ला ‘साउथ कॅरोलायना गॅझेट’चा अंक हजर. त्यावर नाव मुलाचं, पीटरचं. त्याला मिसरूडही फुटलं नसेल! धंद्यातला भागीदार होता बेंजामिन फ्रँकलिन. त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की नवऱ्याचे हिशेब अर्धवट असायचे, हिचे मात्र दर तिमाहीला चोख यायचे. ही हॉलंडमध्ये वाढलेली, तिथे मुलींना हिशेब शिकवतात, हेही तो सांगतो. कराराची मुदत संपल्यावर बाईने छापखाना विकतच घेतला.

माझी लाडकी मात्र डायना नटहेड. १६९६मध्ये मेरीलँडात हिने छपाईचा परवाना मिळवला, आणि सहीच्या जागी नुसती खूण केली. लिहिता येत नव्हतं!

मेरी कॅथरीन गोडार्ड बाल्टिमोरमध्ये भावाने काढलेलं ‘मेरीलँड जर्नल’ हे वर्तमानपत्र छापायची, नाव देताना ‘एम. के.’. जानेवारी १७७७मध्ये (वसाहती तोवर स्वतंत्र म्हणवू लागल्या होत्या, पण लढाई चालूच) स्वातंत्र्याचा जाहीरनामा सह्या करणाऱ्यांच्या नावांसकट पहिल्यांदा तिने छापला. इंग्रजांच्या लेखी तो राजद्रोह. नेमकं त्याच कागदाच्या तळाशी तिने आपलं नाव पूर्ण छापलं.

ती १७७५पासून शहराची पोस्टमास्तरही होती. १७८९मध्ये काढून टाकली. कारण काय, तर या कामात प्रवास फार, बाईला झेपायचा नाही. दोनशेहून जास्त गावकऱ्यांनी सह्यांचा अर्ज केला, तिने थेट राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनला लिहिलं. काही उपयोग झाला नाही.

हिने लग्नच केलं नव्हतं, त्यामुळे ते धुरेचं वाक्य इथे बसत नाही. मग लोक काय लिहितात? ‘भावाच्या गैरहजेरीत.’