नाताळ पंचवीसला सुरू होतो, संपत नाही

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की बालगृहं आणि वृद्धाश्रमांच्या दारात गाड्यांची रांग लागते. एकाच दिवशी चार-चार केक येतात, लाल टोप्या घातलेली मंडळी येतात, मुलांना ओळीत बसवून फोटो काढतात. तीच मुलं प्रत्येक पाहुण्यापुढे तेच गाणं पुन्हा म्हणतात. 2 जानेवारीला त्याच दारात कुणी नसतं. देणाऱ्यांच्या मनाबद्दल मला शंका नाही. सणाच्या दिवशी आपल्या ताटातलं दुसऱ्याला द्यावंसं वाटणं ही फार चांगली गोष्ट आहे, मग देणारा ख्रिस्ती असो वा नसो. पण ही सेवा कोणाच्या सोयीने करायची, आपल्या की त्यांच्या, यावर आपण नीट बोलत नाही. म्हणून आज जरा लांबलचक लिहितेय.

आमचं गाव श्रीरामपूर तालुक्यात. घर कॅथलिक. आजोबा हरेगावला बेलापूर कंपनीच्या उसाच्या मळ्यात मजुरी करायचे, आजीही त्यांच्याबरोबर असायची. त्या कंपनीचा साखर कारखाना केव्हाच बंद पडला. आता हरेगाव म्हटलं की लोकांना सप्टेंबरातली मतमाउलीची, म्हणजे मरियामातेची, यात्रा आठवते. आई सरकारी उपकेंद्रात नर्स होती, आता निवृत्त आहे.

शहरातल्या मैत्रिणींना वाटतं की नाताळ म्हणजे केक आणि झाड. आमच्याकडे नाताळ म्हणजे फराळ. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, चिवडा, सगळं दिवाळीसारखंच. फक्त मान अनारशांचा. आजी तांदूळ तीन दिवस भिजवायची, रोज पाणी बदलायची, मग सावलीत फडक्यावर पसरून जरा दमट असतानाच कुटायची. त्यात गूळ मिसळून गोळे करून डब्यात ठेवले की पुढे काही दिवस त्या डब्याला हात लावायची कुणाला परवानगी नाही. तळताना खसखशीची बाजू वर, अनारसा उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. जाळी पडली तर आजी काही बोलायची नाही, नुसती पुढचा थापायला घ्यायची. नानकटाईचं पीठ मात्र घरून पत्र्याच्या ट्रेमध्ये भरून बेकरीत न्यायचं आणि भट्टीतून भाजून आणायचं. त्या रांगेत ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान सगळ्यांच्या बाया उभ्या असायच्या, कारण नानकटाई सगळ्यांनाच लागते.

ओसरीवर कामट्यांची आणि पतंगाच्या कागदाची चांदणी. देवळातले (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) तरुण रात्री पेटी, ढोलकी, झांजा घेऊन घरोघर ख्रिस्तजन्माची गाणी म्हणत फिरणार, त्यांना चहा-चिवडा आणि यथाशक्ती दान. चोवीसच्या रात्री मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना. थंडी अशी की शाली, स्वेटर, कानटोप्या घालूनही सतरंजीखालची फरशी गार लागते. गव्हाणीत बाळ येशूची मूर्ती ठेवली की सगळे रांगेने दर्शन घेतात, मग देवळाबाहेर एकमेकांच्या गळ्यात पडणं. दुसऱ्या दिवशी नवे कपडे, मटणाचा रस्सा, बाजरीची भाकरी. हे सगळं मला अतिशय प्रिय आहे आणि यातलं काही कमी करावं असं मी मुळीच म्हणत नाही.

पण आमच्या भागात डिसेंबर म्हणजे ऐन गळीत हंगाम. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना आणि आमच्याच जिल्ह्यातल्या पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये इथल्या साखर कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, राहतात. राहायला कोप्या. बांबू, पाचट, वरून प्लॅस्टिकचा कागद, आत वाकून जायचं. बाहेर बैल बांधलेले, शेजारी चूल. कारखान्याला नाताळची सुट्टी नसते, त्यामुळे फडालाही, म्हणजे उसाच्या तोडणीलाही, नसते. आपण मिस्सा संपवून घरी येऊन झोपतो तेव्हा त्या बाया भाकरी थापायला उठलेल्या असतात, उजाडायच्या आत फडात पोहोचायचं असतं म्हणून.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माची गोष्ट अगदी थोडक्यात आहे. नावनोंदणीच्या हुकुमामुळे दिवस भरलेली बाई नवऱ्याबरोबर परगावी आलेली, उतारशाळेत जागा नाही, बाळ गव्हाणीत. आमच्या देवळात गवत, कापूस आणि दिव्यांच्या माळा लावून दरवर्षी तोच देखावा उभा राहतो. आणि देवळापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर पोटुशी बाई बैलांशेजारी पाचटाच्या कोपीत झोपलेली असते. आजीने हे दोन्ही एका नजरेत बघितलं होतं. तिला त्यासाठी प्रवचनाची गरज पडली नाही.

आजीची पद्धत साधी होती. पंचवीसच्या संध्याकाळी फराळाचे डबे घेऊन ती कोप्यांवर जायची आणि बरोबर आजोबांचे, काकांचे जुने पूर्ण बाह्यांचे शर्ट न्यायची. उसाचं पातं हाताला कसं कापतं हे तिला माहीत होतं. तोडणीच्या बाया लुगड्यावर पुरुषाचा शर्ट का घालतात ते शहरातल्यांना सांगावं लागतं, तिला नव्हतं लागत. "चादर काय, कुणीबी देतं. शर्ट कुणी देत नाही," असं म्हणायची. बटणं तुटलेला शर्ट तिने कधी दिला नाही. मनगटाचं बटण नसेल तर बाही वर सरकते आणि मग शर्टाचा उपयोगच राहत नाही, म्हणून आदल्या रात्री बसून ती बटणं लावायची. अनारशांइतकीच मन लावून.

आईने यात एक गोष्ट वाढवली, ती म्हणजे विचारणं. ती कोपीवर जाऊन बसते, चहा झाला तर पिते आणि विचारते, काय अडलंय? उत्तरं आपल्याला वाटतात तशी नसतात. घोंगडी-ब्लँकेट क्वचित. सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं उत्तर म्हणजे, "सिस्टर, मोबाइल चारजिंगला लावू द्या." कोपीत वीज नाही आणि गावाकडे म्हातारे सासू-सासरे, शाळेसाठी मागे ठेवलेली पोरं. फोन बंद पडला की तेवढा धागाही तुटतो. दुसरं उत्तर, आंघोळीला आडोसा. दिवसभर फडात काम करून अंगावर कुसळं आणि घाम, आणि उघड्यावर पाणी घ्यायचं तर अंधार पडायची वाट बघायची.

तेव्हापासून आमच्या ओसरीवर हंगामभर चार्जिंगचा लांबलचक बोर्ड असतो. प्रत्येक फोनला रंगीत दोरा बांधलेला, म्हणजे अदलाबदल होत नाही. मागच्या दारची न्हाणी संध्याकाळी त्या बायांसाठी उघडी असते, चुलाणावर पाणी तापवलेलं. यात आमची गैरसोय होते, आणि ती व्हावी असं मला वाटतं. घरात पाहुणे असले तरी संध्याकाळी न्हाणी त्यांची. वीजबिल वाढतं. अंगण ओलं राहतं. नाताळला आलेल्या माझ्या मुलांना आंघोळ सकाळीच उरकावी लागते. सेवेची झळ घराला लागत नसेल तर ती उरलेल्यातली सेवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता खरा मुद्दा. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. टोळी आणणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि ती दोघांच्या कामातून फिटायची असते. एक जण जरी कामावर गेला नाही तरी खाडा पडतो, त्याचे पैसे कापले जातात. त्यामुळे गरोदर बाईला तपासणीला न्यायचं म्हटलं की तिचा खाडा, आणि नवरा सोबत गेला तर त्याचाही. मग तपासणी पुढे ढकलली जाते, पुढच्या महिन्यात, त्याच्या पुढच्या महिन्यात. सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत रक्तात हिमोग्लोबिन किती हेही माहीत नसतं, आणि ती बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत असते. अशा घराला पंचवीस तारखेला केकचा तुकडा नेऊन दिला तर वाईट काही नाही, पण त्यांच्या आयुष्यात जिथे गाठ बसली आहे तिथे आपला हात पोहोचलेलाच नसतो.

दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. 2016 पासून ही योजना आहे. त्यामुळे आमच्या घरी नाताळच्या सेवेचा मोठा दिवस 25 डिसेंबर नाही, 9 जानेवारी आहे. आई गावातल्या आशाताईंकडून नावं घेते, आदल्या दिवशी मुकादमाशी बोलते (हे बोलणं सगळ्यात अवघड, पण निवृत्त नर्सबाईंना तोंडावर नाही म्हणणं त्यालाही जड जातं) आणि मग गाडी करून सगळ्यांना घेऊन जाते. रांगेत त्यांच्याबरोबर बसते, रिपोर्ट त्यांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवते, लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत हे प्रत्येकीला परत परत सांगते. नवरा फडात राहतो, त्याचा खाडा वाचतो. नाताळची भेट म्हणून मला याहून चांगलं काही सुचत नाही.

कुणी म्हणेल 9 जानेवारीचा नाताळशी काय संबंध? तर आमच्या उपासनेच्या पंचांगाप्रमाणे नाताळचा काळ 25 ला सुरू होतो आणि जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. आपण मात्र पंचवीसच्या रात्री चांदणी विझवून मोकळे होतो. त्यातही दुसराच दिवस, 26 डिसेंबर, हा संत स्तेफनचा. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात सहाव्या अध्यायात त्याचं नाव कशासाठी येतं? यरुशलेममध्ये रोजच्या अन्नवाटपात काही विधवा वगळल्या जात होत्या, तशी तक्रार झाली, म्हणून सात माणसं निवडली गेली, त्यांतला हा पहिला. सणाची वाटणी नव्हे, रोजची वाटणी. आणि तीही तक्रार ऐकून घेऊन सुधारलेली. माझ्या मते आपल्या प्रत्येक देवळात 26 तारखेला याच विषयावर बसायला हवं, की आपल्या गावात रोजच्या वाटणीतून कोण वगळलं जातंय.

धर्मांतराबद्दलही बोलायलाच हवं, कारण ख्रिस्ती माणसाने पाण्याचा तांब्या पुढे केला तरी हल्ली शंका घेणारे भेटतात. आमच्या घराचा नियम आजीपासूनचा आहे. फराळाच्या डब्यात पत्रक जात नाही, कोपीत प्रार्थना होत नाही, दवाखान्याच्या गाडीत देवाचं नाव कुणी काढत नाही, काढलंच तर त्या बायाच काढतात, भगवानबाबांचं किंवा तुळजाभवानीचं. अट घातलेली मदत म्हणजे व्यवहार. आमच्या शेजारचे पाटील 9 तारखेला आपली जीप देतात, डिझेलचे पैसे घेत नाहीत. बेकरीवाले चाचा पावाचे पुडे पाठवतात. ही सेवा गावाची झाली आहे, निमित्त फक्त आमच्या सणाचं, आणि मला त्यात फार समाधान आहे.

दुसरा आक्षेप असा की हे काम सरकारचं आणि कारखान्यांचं. अगदी बरोबर. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडेंच्या नावाने कल्याण महामंडळ आहे, मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहं आहेत, स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्ड आहे. हे सगळं नीट चालावं म्हणून भांडलंच पाहिजे. आमच्या घरातून अर्ज जातात, ग्रामसभेत विषय निघतो. पण आठवा महिना लागलेली बाई महामंडळाच्या बैठकीपर्यंत थांबू शकत नाही. दोन्ही एकदम करावं लागतं.

आणि आमच्या जिल्ह्याने याहूनही खोलवरची सेवा पाहिली आहे. फादर हर्मन बाखर, मूळचे स्वित्झर्लंडचे, जेझुइट संघाचे धर्मगुरू, आयुष्य इथे नगर भागात घालवलं, लोक त्यांना बाखरबाबाच म्हणायचे. दुष्काळी गावातला माणूस बाहेर पडतो तो शिवारात पाणी टिकत नाही म्हणून, हे ओळखून त्यांनी पाणलोटाचं काम उभं केलं, 1993 मध्ये वॉटर (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था सुरू करण्यात त्यांचा हात होता. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांत गावकऱ्यांनी स्वतः खपून बांधबंदिस्ती केली, झाडं लावली, चराई थांबवली. गावात पाणी राहिलं की माणूसही राहतो. नाताळच्या प्रवचनात त्यांचं नाव जास्त वेळा यावं असं मला मनापासून वाटतं.

या वर्षीही टोळ्या येऊन राहिल्या आहेत. जे श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, संगमनेर भागात आहेत आणि काही करू इच्छितात त्यांच्यासाठी सांगते. ब्लँकेट सध्या पुरेशी आहेत. पूर्ण बाह्यांचे जाड सुती शर्ट हवेत, जुने चालतील, मनगटाची बटणं शाबूत असावीत. लहान मुलांच्या बंद चपला हव्यात, कारण फडात तोडलेल्या उसाची खोडं पायात घुसतात. 9 जानेवारीला गाडी चालवणारं कुणी मिळालं तर फार बरं, स्त्री असेल तर आणखी बरं. आपापल्या गावात करणार असाल तर आधी आशाताई आणि अंगणवाडीताईंना भेटा, त्यांना सगळं ठाऊक असतं. फोटो काढू नका. आणि यायचं तर दिवसा नको, संध्याकाळी सहानंतर या, दिवसा कोप्यांवर कुणी नसतं, सगळे फडात असतात.